ट्रेलरवरील विंच व तिची बॅटरी

नादुरुस्त अवजार ट्रेलरवर ओढून घेण्यासाठीं १२ व्होल्टची विंच बसवितांना शेतकरी बंधूंनीं तिची बॅटरी ट्रेलरवरच, विंचेजवळ ठेवावी. भार पडतांच अशी विंच १५० अँपिअरपर्यंत प्रवाह ओढूं शकते. मोटारीच्या बॅटरीपासून १६ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार जाऊन-येऊन १० मीटर नेल्यास तींतच सुमारें दीड व्होल्ट खर्ची पडतो. विंच मंदावते व तार तापते.

बॅटरी पेटींत घट्ट आवळावी. विंचेच्या पूर्ण भारास योग्य असा फ्यूज धन टोंकाजवळच घालावा. ओढण्यापूर्वीं ट्रेलर मोटारीस जोडलेला असावा व चाकांस ठोकळे लावावेत. ताणलेल्या दोराच्या रेषेंत कोणीहि उभें राहूं नये. तो तुटल्यास प्राणावर बेततें. चढविलेलें अवजार साखळदंडांनीं बांधावें. प्रवासांत विंचेवर विसंबूं नये.