मानवी पेशी आणि कर्करोग : पावती नसलेल्या एका देणगीची कथा

संस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंद असतो, वर्षभराच्या कामाचे आकडे असतात आणि देणगीदारांची नामावली असते. त्या जोडीला एखादा वैद्यकीय विषय सर्वसामान्य वाचकास उमजेल अशा भाषेत मांडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. विषय निवडताना आमच्यासमोर होता तो आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न. डॉक्टरांनी बायॉप्सी सांगितली की नातेवाईक संमतिपत्र हाती घेऊन विचारतात, "साहेब, तुकडा काढायलाच हवा का? सुई लागली की गाठ पसरते म्हणतात. आणि काढलेल्या तुकड्याचं पुढं होतं काय?"

पहिल्या शंकेचे उत्तर डॉक्टर देतातच. योग्य पद्धतीने केलेल्या बायॉप्सीमुळे रोग पसरणे अत्यंत विरळ आहे. उलट तुकडा तपासल्यावाचून रोगाचा प्रकार कळत नाही आणि उपचारांची दिशाही ठरत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर साधे आहे. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतात, ते रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फॉर्मॅलिनमध्ये पडताच त्यातील पेशी मृत होतात. मात्र असाच एक तुकडा ७० वर्षांहून अधिक काळापूर्वी जिवंत राखला गेला आणि त्याच्या पेशी आजही वाढत आहेत. कर्करोगाविषयी आज जे ज्ञान आहे, त्यातील मोठा वाटा त्या तुकड्याने दिला आहे.

बाल्टिमोर येथील एक रुग्ण

१९५१ सालच्या प्रारंभी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही तीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री तपासणीसाठी आली. ती पाच मुलांची आई होती. हे रुग्णालयही एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील दानातून उभे राहिलेले होते आणि गरिबांना तेथे उपचार मिळत; परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे कृष्णवर्णीयांचे वॉर्ड वेगळे असत. हेन्रिएटाला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. रेडियमचे उपचार सुरू करताना डॉक्टरांनी गाठीचा एक लहानसा तुकडा काढला आणि तो डॉ. जॉर्ज गाइ यांच्या ऊतकसंवर्धन प्रयोगशाळेकडे पाठविला. तिला तसे विचारले गेले नाही. त्या काळी विचारण्याची पद्धत नव्हती आणि तसा कायदाही नव्हता.

मानवी पेशी शरीराबाहेर टिकवून वाढविण्याचा प्रयत्न डॉ. गाइ अनेक वर्षे करीत होते. बहुतेक पेशी थोड्याच काळात मरून जात. हेन्रिएटाच्या पेशी मात्र दर चोवीस तासांच्या सुमारास दुप्पट होऊ लागल्या आणि वाढतच राहिल्या. तिच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे घेऊन त्यांना 'हेला' असे नाव पडले. डॉ. गाइ यांनी त्या पेशी मागेल त्या शास्त्रज्ञाला विनामूल्य दिल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी हेन्रिएटाचे निधन झाले, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. पुढे पोलिओच्या लसीच्या चाचणीतही या पेशींचा मोलाचा उपयोग झाला.

न थांबणारी पेशी

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. पेशी विभागतात, झिजलेल्यांची जागा नव्या घेतात आणि गरज संपली की विभाजन थांबते. हे थांबणे महत्त्वाचे आहे. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले की निरोगी मानवी पेशी प्रयोगशाळेत सुमारे ५० वेळा विभागल्यावर थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना 'टेलोमिअर' नावाचे संरक्षक भाग असतात. बुटाच्या नाडीच्या टोकाला जशी प्लॅस्टिकची नळी असते, तसे ते असतात. प्रत्येक विभाजनागणिक ते थोडे आखूड होतात. हेला पेशी मात्र 'टेलोमरेज' या विकराच्या साहाय्याने ही टोके पुन्हा भरून काढतात. मानवी पेशीतील या विकराचा शोध १९८९ साली हेला पेशींमध्येच लागला. बहुसंख्य कर्करोगांत हा विकर जागा झालेला आढळतो.

तरीही मूळ प्रश्न उरतोच : ही पेशी बेबंद झाली कशामुळे? जर्मनीतील डॉ. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना अनेक वर्षे संशय होता की गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, असावा. अनेक तज्ज्ञांचा तेव्हा दुसऱ्याच विषाणूवर रोख होता. १९८३ व १९८४ या वर्षांत त्यांच्या गटाने रुग्णांच्या गाठींमध्ये या विषाणूचे प्रकार १६ व १८ शोधून काढले. पैकी प्रकार १८ हेला पेशींमध्येही सापडला. हेन्रिएटाच्या मृत्यूनंतर तीन दशकांहून अधिक काळाने तिच्या आजाराचे कारण तिच्याच पेशींनी सांगितले. या कार्यासाठी डॉ. त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढच्या संशोधनाने या बिघाडाचा तपशील उलगडला. पेशीमध्ये विभाजनाला लगाम घालणारी प्रथिने असतात. विषाणूचे ई-६ हे प्रथिन 'पी-५३' नावाचा लगाम नष्ट करते आणि ई-७ हे दुसरा लगाम निकामी करते. २००० साली शास्त्रज्ञांनी हेला पेशींतील विषाणूची ही दोन जनुके बंद करून पाहिली. जवळजवळ अर्धे शतक अखंड वाढत आलेल्या त्या पेशींचे विभाजन थांबले. लगाम मोडून गेलेले नव्हते, केवळ दाबून ठेवलेले होते. कर्करोग म्हणजे दैवाचा कोप नव्हे. त्याला कारण असते आणि कारण सापडले की त्याला अडविता येते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

येथे एक सावधगिरीही नोंदविली पाहिजे. प्रयोगशाळेतील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखविले की निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेला पेशीच होत्या. त्या इतर काचपात्रांत मिसळून तेथे माजल्या होत्या. म्हणून प्रयोगशाळेतील प्रत्येक निष्कर्ष शेवटी माणसांत पडताळून घ्यावा लागतो.

उस्मानाबादच्या गावांत

हा पडताळा आपल्या महाराष्ट्रातही झाला. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा केली गेली, त्या गटात पुढील आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या सोयींवर राहिलेल्या गटाच्या तुलनेने जवळपास निम्मे आढळले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक केंद्रानेच केलेल्या दुसऱ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरमधील आम्ल लावून केवळ डोळ्यांनी तपासणी केली. त्या साध्या उपायानेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

विषाणूवरील लस २००६ पासून उपलब्ध आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या बाह्य आवरणातील प्रथिन असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के प्रकार १६ व १८ यांच्यामुळे होतात आणि या लसी त्या दोहोंपासून संरक्षण देतात. लस मुलींना लहान वयात द्यावयाची असते. झालेला रोग ती बरा करीत नाही आणि लस घेतलेल्या स्त्रीनेही तपासणी टाळू नये.

असे असूनही २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार जणी त्याने दगावल्या. एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांत तो आपोआप जातो. जो टिकून राहतो, त्याचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. म्हणजे हाताशी वेळ असतो. तो वेळ लाजेत, भीतीत आणि 'घरातलं आवरलं की जाऊ' यात निघून जातो. तपासणीत विषाणू आढळणे हा कोणाच्या चारित्र्यावरील शेरा नव्हे, हेही आम्ही नातेवाइकांना आवर्जून सांगू इच्छितो.

देणे अजून बाकी आहे

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. पाच रुपयांच्या देणगीचीही पावती फाडावी, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलो. म्हणूनच हेन्रिएटा लॅक्सची कथा आम्हांला अस्वस्थ करते. इतकी मोठी देणगी जमा झाली, पण देणाऱ्याला विचारले नाही, कळविले नाही आणि नावाची नोंदही नीट ठेवली नाही. कित्येक वर्षे तिचे नाव 'हेलन लेन' असेच छापले जात होते. कुटुंबीयांना या पेशींविषयी कळले ते तिच्या मृत्यूनंतर वीसहून अधिक वर्षांनी. तिच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २०१० साली. २०१३ मध्ये तिच्या पेशींच्या जनुकीय माहितीच्या वापराविषयीच्या निर्णयांत कुटुंबीयांना स्थान मिळाले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचा मरणोत्तर सन्मान केला आणि २०२३ मध्ये तिच्या वारसांनी एका कंपनीविरुद्ध केलेला दावा तडजोडीने मिटला.

हे सर्व दूरच्या देशात घडले, असे म्हणून आम्हांला मोकळे होता येणार नाही. आमच्याच खिडकीवर अनेक वर्षे इंग्रजीतील संमतिपत्र पुढे सरकवून, बोटाने जागा दाखवून, 'इथे सही करा' एवढेच सांगितले जात असे. सही होत असे, अंगठाही उठत असे. पण त्याला संमती म्हणणे धाडसाचे होईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णांकडून घेतलेल्या नमुन्यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. आज आमचे संमतिपत्र मराठीत आहे, ते वाचून दाखविले जाते, आणि उपचारासाठीची संमती व संशोधनासाठीची संमती वेगवेगळी घेतली जाते. संशोधनास नकार दिल्याने उपचारांत तसूभरही फरक पडत नाही.

विश्वस्त व देणगीदारांना आमची विनंती आहे की, यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व तपासणी शिबिरांना आणि समजावून सांगणाऱ्या माणसांना द्यावे. रुग्णांच्या आप्तांना विनंती अशी की, कागदावर सही करण्यापूर्वी जरूर विचारा, दोनदा विचारा. आणि घरातील तिशी ओलांडलेल्या स्त्रीला, ती आई असो, पत्नी असो वा वहिनी, एकदा तपासणीसाठी घेऊन या. तिला काहीही त्रास होत नसेल तेव्हाच या. हेन्रिएटा रुग्णालयात आली ती त्रास सुरू झाल्यावर, आणि नऊ महिन्यांच्या आत ती गेली. तिच्या पेशींनी जे शिकविले त्याचा लाभ आपल्या घरातील स्त्रीला मिळाला, तर त्या देणगीची पावती उशिरा का होईना, फाडली गेली असे आम्ही समजू.