वरच्या अंगाचे पाणी

नदीकाठच्या पुष्कळ गावी आम्ही ऐकतो की, वाहत्या पाण्यास दोष नाही. हे खरे आहे काय, याचा विचार या पाठात करू.

१. एक नदी, दोन पाणी

इ. स. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ होती. दूषित हवेने पटकी होते असे त्या काळी बहुतेक वैद्य मानीत, डॉ. जॉन स्नो यांस मात्र ते पटत नव्हते. शहराच्या दक्षिण भागात एकाच रस्त्यावरील घरांस दोन निरनिराळ्या कंपन्या नळाने पाणी पुरवीत. एक कंपनी थेम्स नदीत जेथे शहराचा मैला मिसळे तेथूनच पाणी घेई; दुसरीने १८५२ साली आपले ठिकाण शहराच्या वरच्या अंगास नेले होते. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिलीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ माणसे पटकीने मेली, दुसरीच्या ३७. हवा एक, नदीही एक. भेद होता तो मैल्याचा.

२. एका पाळकाची चौकशी

त्याच वर्षी ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याच्या आसपास सहाशेंहून अधिक माणसे दगावली. तेथील पंपाचे पाणी चवीस चांगले म्हणून नावाजलेले होते. दूर राहावयास गेलेली एक विधवा ते मुद्दाम आणवून पीत असे. तीही पटकीने मेली. स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला.

तेथील तरुण उपपाळक हेन्री व्हाइटहेड यांस स्नो यांचे म्हणणे चुकीचे वाटे. म्हणून ते घरोघर विचारीत फिरले, आणि अखेरीस त्यांचेच मत पालटले. एका आजारी तान्ह्या मुलाचे लंगोट धुतलेले पाणी घरापुढील शौचकुंडात ओतले जात होते. कुंडाच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या. आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्या आत होती. घरोघर जाणाऱ्या आपल्या उपदेशकांनी हे उदाहरण ध्यानात धरावे.

३. घाण जाते कोठे?

१८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे सभासदही त्रासले. मग जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली मोठी गटारे बांधली गेली. शहराचे कल्याण झाले. परंतु मैला शुद्ध न करताच नदीत खालच्या अंगास सोडला जाई. घाण नाहीशी झाली नाही, ती शेजाऱ्याच्या दारी गेली.

आपल्याकडेही तसेच आहे. पुणे शहराच्या मैलापाण्याचा काही भाग शुद्ध न होताच मुळा-मुठेत जातो. ती नदी भीमेस मिळते, भीमा उजनी धरणात येते, आणि पुढे पंढरपुरावरून वाहते. शहराचे सांडपाणी शुद्ध करणे हे नगरसंस्थेचे कर्तव्य आहे, आणि ते मागण्याचा अधिकार खालच्या गावांस आहे. परंतु ते होईपर्यंत मुलांनी तहानेले राहावे काय?

४. आपण काय करावे?

तुरटीने गाळ बसतो व फडक्याने कचरा अडकतो. पण तेवढ्याने सर्व रोगजंतू जात नाहीत. पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. म्हणून पाण्यास खळखळून उकळी आणावी, ते झाकून ठेवावे, व दांड्याच्या भांड्याने काढावे. कारखान्यांची रसायने मात्र उकळून जात नाहीत. तेव्हा शक्य तेथे दुसऱ्या ठिकाणचे पाणी घ्यावे. विहिरीत जंतुनाशक पूड वेळेवर पडते की नाही, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास विचारावे. विहिरीजवळ शौचकूप खणू नये. एका आळीत दोन-तीन घरी जुलाब लागल्यास ती घरे कोठले पाणी पितात हे लिहून काढावे, आणि तो कागद त्याच दिवशी आरोग्य केंद्रात द्यावा.

विचारण्याचे प्रश्न: आपल्या पाण्याच्या वरच्या अंगास कोण राहते? आपल्या खालच्या अंगास कोण पाणी भरते? त्यांच्याकडे आपण काय पाठवितो?