दंड झाला, आता विमा कुठला घ्यावा?



एरवी या पानावर आम्ही बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज ट्रॅक्टरच्या विम्याविषयी लिहीत आहोत. लागणीचे नुकसान खोडव्यात थोडेफार भरून निघते, पण विमा नसताना झालेला एक अपघात जमीन विकायला लावतो.

गेल्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाचा ड्रायव्हर दारू पिऊन ट्रॅक्टर चालविताना पकडला गेला. कोर्टात दंड झाला, त्याचा परवाना निलंबित झाला. कागद पाहिले तर विम्याची मुदत दिवाळीतच संपलेली. तो दंड वेगळा. मग तालुक्याला एक इसम भेटला. म्हणाला, "तुमची गाडी आता काळ्या यादीत गेली. कुठलीही कंपनी दुप्पट हप्ता मागणार. माझ्याकडं निम्म्यात पावती आहे." ती पावती सभासदांनी आम्हाला दाखविली. नंबर ट्रॅक्टरचा, पण विमा मोटारसायकलचा! असल्या पावतीवर भरपाईची वेळ आली असती तर कंपनीने हात वर केले असते.

म्हणून चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

१) थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या वाहनाने दुसऱ्याचे नुकसान केल्यास त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरविते, त्यामुळे तो सर्व कंपन्यांत सारखाच असतो. दंड झाला म्हणून तो वाढत नाही आणि ओळखीने कमीही होत नाही. कुणी निम्म्यात देतो म्हणाला की समजावे, पाणी मुरतंय. विमा नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी २,००० व पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

२) हप्त्यात फरक पडतो तो आपल्याच वाहनाच्या नुकसानीच्या विम्यात. तिथे दोन-तीन कंपन्यांकडे चौकशी करावी. भरपाई न मागता वर्ष गेले तर या भागावर २० टक्के सूट मिळते व ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून किरकोळ खर्चासाठी भरपाई मागू नये. मुदत संपून ९० दिवस उलटले की ही सूट बुडते. ट्रॅक्टर जुना असून कर्ज फिटले असेल तर नुसता थर्ड पार्टी विमाही परवडतो. कर्ज असल्यास मात्र बँकेची अट पाहावी.

३) ट्रॉलीचा विमा वेगळा लागतो. नुसत्या ट्रॅक्टरची पॉलिसी काढून भागत नाही. शेतीकामाच्या पॉलिसीवर दुसऱ्याचा ऊस भाड्याने ओढला तर वापराची अट मोडते. करारावर वाहतूक करणार हे कंपनीला आधीच स्पष्ट सांगावे. लपविले तर हप्त्याचे चार पैसे वाचतात आणि भरपाईच्या वेळी तोच मुद्दा आडवा येतो. ट्रॉलीवर माणसे बसवू नयेत. त्यांची जोखीम नेहमीच्या पॉलिसीत धरलेली नसते.

४) सर्वांत महत्त्वाचे, ड्रायव्हरचा परवाना. २००४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, परवाना पाहण्यात मालकाने हयगय केली असेल तर कंपनी जखमीला पैसे देईल, पण ते मालकाकडून वसूल करू शकेल. म्हणजे विमा असूनही बोजा आपल्याच सातबाऱ्यावर! परवाना निलंबित झालेल्या माणसाला "हंगामापुरता चालव" म्हणणे हे असे महागात पडते.

वरील सभासदांनी ती पावती टाकून दिली, ट्रॅक्टर व ट्रॉलीची रीतसर पॉलिसी काढली आणि ड्रायव्हर बदलला. खर्च झाला खरा, पण आता रात्री निवांत झोप लागते, असे ते म्हणतात.

मोळी पडण्यापूर्वी आपली पॉलिसी पेटीतून काढून गाडीचा नंबर, वाहनाचा प्रकार, ट्रॉलीची नोंद व मुदतीची तारीख पाहा. न समजल्यास कागद घेऊन गट ऑफिसला या, आम्ही सोबत बसून वाचू.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते