जुन्या नाटकाचा नवा दौरा

दगडी मंदिर शेकडो वर्षे उभे राहते. चित्रकाराने रंगवलेले चित्र त्याच्या मागेही टिकते. कवीची कविता ग्रंथात सुरक्षित असते. संगीत नाटकाचे मात्र तसे नाही. पडदा पडला की त्या दिवसाचे नाटक संपले. पुस्तक कपाटात राहते, त्यात पदेही छापलेली असतात. पण ते पद कसे गावे, कोठे थांबावे, कोणत्या शब्दावर तान घ्यावी, हे पुस्तक सांगत नाही. ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात उतरावे लागते. म्हणून जुने संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर आणणे म्हणजे त्याला नवा जन्म देणेच होय. हे कार्य कसे घडते, ते आपण पाहू.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे वैभवशाली युग सुरू झाले. या वैभवात वऱ्हाडचा वाटा मोठा आहे. खामगावी वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनय’ नाटकापासून पदांना नव्या धर्तीच्या चाली आणल्या. अमरावतीचे स्वातंत्र्यसैनिक वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभी’ नाटक १९२७ साली बलवंत संगीत मंडळीने केले आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याने ते गाजले. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ सालीच पुरा झाला होता. अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही गावे त्याच मार्गावर येतात. त्यामुळे पडदे, पेटारे आणि वाद्ये आगगाडीत घालून नाटक मंडळ्या वऱ्हाडात येऊ शकत. त्या काळी नाटक रात्री उशिरा सुरू होई; प्रेक्षक आवडत्या पदाला ‘वन्समोअर’ देत आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे.

पुढे बोलपट आले. एकेक नाटक मंडळी बंद पडली. संगीत नाटकाचे दिवस संपले, असे पुष्कळांना वाटू लागले. अशा वेळी १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. ते लिहिले नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. संगीत दिले गोमंतकातील जितेंद्र अभिषेकी यांनी. त्यातील खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका केली पंडित वसंतराव देशपांडे यांनी. वसंतरावांचा जन्म १९२० साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. त्यांचे बालपण नागपुरात गेले. पुढे पुण्यात सरकारी हिशेबखात्यात नोकरी करीत असतानाही त्यांनी गाण्याची साधना सोडली नाही.

या नाटकात दोन घराण्यांचे दोन गायक आहेत. पंडित भानुशंकर शांत वृत्तीचे; त्यांचे गाणेही तसेच संथ आणि गंभीर. खाँसाहेब तेजस्वी, पण मानी. त्यांची तान विजेसारखी चमकते. राजगायकाचे पद खाँसाहेबांना मिळते आणि पंडितजी निघून जातात. पंडितजींकडे शिकण्यासाठी आलेला सदाशिव हा तरुण खाँसाहेबांच्या हवेलीत लपूनछपून त्यांची विद्या शिकू लागतो. आपल्या घराण्याची विद्या परक्याला द्यावयाची नाही, असा खाँसाहेबांचा निश्चय असतो. मग विद्या कोणाची? ज्याच्या घरात ती जन्मली त्याची, की जो तिच्यासाठी कष्ट सोसतो त्याची? या प्रश्नाभोवती सारे नाटक फिरते.

वसंतरावांनी खाँसाहेबांची भूमिका इतकी रंगवली, की ती भूमिका आणि ते गायक यांना वेगळे करणे लोकांना अवघड वाटू लागले. १९८३ साली वसंतराव निवर्तले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २०१० साली, सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे राहिले. तेव्हा पहिला प्रश्न आला तो पात्रयोजनेचा, म्हणजे कोणती भूमिका कोणाला द्यावयाची याचा.

गद्य नाटकात उत्तम अभिनय करणारा नट मिळाला म्हणजे भागते. संगीत नाटकात तेवढ्याने भागत नाही. गाणारा पुष्कळदा अभिनयात कमी पडतो आणि नट गाण्यात. खाँसाहेबांचे काम करणाऱ्याला तान तर घेता यावीच. पण पराभवाची सल त्याच्या चेहऱ्यावर दिसली पाहिजे. त्याचा राग पाहून प्रेक्षक घाबरले पाहिजेत आणि त्याचे दुःख पाहून हळहळलेही पाहिजेत. सदाशिवाचे काम याहून निराळे. त्याच्या गळ्यात दोन्ही घराण्यांची गायकी ऐकू आली पाहिजे. एकाच पद्धतीने गाणारा गायक कितीही मोठा असला, तरी तो सदाशिव होऊ शकत नाही.

खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांच्याकडे आली. सदाशिवाची भूमिका जितेंद्र अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांना मिळाली. एक वारस रक्ताचा, तर दुसरा शिक्षणाचा. परंतु केवळ नातू असणे राहुल यांच्या कामी आले असते काय? आजोबा गेले तेव्हा ते अगदी लहान होते. आजोबांसमोर बसून शिकण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्यांना इतर गुरूंजवळ वर्षानुवर्षे मेहनत करावी लागली. वारशाने आडनाव मिळते. तान मात्र स्वतःलाच कमवावी लागते.

याच नाटकावर २०१५ साली चित्रपट निघाला. त्यात सदाशिवाचे काम सुबोध भावे यांनी केले आणि त्यांच्यासाठी महेश काळे गायले. खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर आणि पडद्यामागे आवाज होता राहुल देशपांडे यांचा. चित्रपटात असे दोन माणसांचे गुण एकत्र करता येतात. रंगमंचावर ही सोय नाही. तेथे चेहरा ज्याचा, गळाही त्याचाच.

पात्रे ठरली की तालमी सुरू होतात. प्रथम संहितेचे वाचन, मग पदांची तालीम आणि शेवटी हालचालींसह संपूर्ण नाटक. ऑर्गनवादकाला प्रत्येक गायकाची पट्टी ठाऊक असावी लागते. पहाटेपर्यंत बसण्यास आजच्या प्रेक्षकांना सवड नसते. म्हणून नाटक सुमारे तीन तासांत बसवावे लागते. कोणते पद ठेवावे आणि कोणते गाळावे, हे ठरवताना दिग्दर्शकाची खरी कसोटी लागते. अधिक ठेवले तर कथा रेंगाळते. अधिक गाळले तर संगीत नाटकातील संगीतच हरवते.

यानंतर येतो दौरा. समजा, असे एखादे नाटक आज अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात झाले आणि उद्या ते अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात व्हावयाचे आहे. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातात. पण पडद्यामागे तेव्हाच दुसरे नाटक सुरू होते. कामगार हवेलीच्या भिंती सुट्या करतात. दिवे उतरवले जातात. पोशाख मोजून पेटाऱ्यात भरले जातात. मध्यरात्री मालमोटार निघते. शंभरएक किलोमीटरच्या या वाटेवर मूर्तिजापूर लागते. ज्या गावात पहिले खाँसाहेब जन्मले, त्याच गावावरून त्यांच्या नाटकाचे सामान पुढे जाते!

दुसऱ्या दिवशी नवा रंगमंच पुढे असतो. त्याची लांबीरुंदी कालच्यासारखी नसते. भिंती नव्याने उभाराव्या लागतात, दिव्यांच्या जागा बदलाव्या लागतात. वऱ्हाडातील कडक उन्हाने तबल्याचे चामडे ताणले जाते. म्हणून तबलजीला तो पुन्हा सुरात लावावा लागतो. सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे गायकाचा गळा. रात्रीचा प्रवास, धूळ आणि अपुरी झोप यांचा त्याच्यावर परिणाम होतो. म्हणून जाणता गायक दौऱ्यात थंड पाणी टाळतो, विनाकारण बोलत नाही आणि सकाळचा रियाज चुकवत नाही. अकोल्याच्या प्रेक्षकांनी काल कितीही टाळ्या दिल्या असल्या, तरी त्या अमरावतीत उपयोगी पडत नाहीत. तिसरी घंटा झाली की सारे पहिल्यापासून सिद्ध करावे लागते.

आता नाटकातील प्रश्नाकडे वळू. विद्या कोणाची? याचे उत्तर दौऱ्यावर निघालेले नाटकच देते. ती लेखकाची असते, गायकाची असते, त्याच्या शिष्याची असते. मालमोटारीत भिंती चढवणाऱ्या आणि दिवा अचूक लावणाऱ्या अनोळखी हातांचीही असते. कपाटात कुलूपबंद ठेवलेली विद्या मालकाबरोबर संपते. वाटलेली विद्या गावोगाव फिरते आणि प्रत्येक गावी नवे वारस शोधते. कोणी सांगावे, असा एखादा वारस आज वऱ्हाडातील एखाद्या शाळेत, तुमच्याच बाकावर, पहिला सूर लावीत बसला असेल!

स्वाध्याय

१. संगीत नाटक केवळ पुस्तकात टिकून राहत नाही, असे लेखकाने का म्हटले आहे?
२. खाँसाहेब आणि सदाशिव या भूमिकांसाठी नट निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात?
३. ‘वारशाने आडनाव मिळते, तान मात्र स्वतःलाच कमवावी लागते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक बसवावयाचे आहे. पडद्यामागील कामांची यादी करा आणि ती कोणाला द्याल, ते कारणांसह सांगा.