शिक्षकाची कार्यप्रेरणा आणि समाधान

नोकरीतील गैरसोयी दूर झाल्या म्हणजे समाधान आपोआप लाभते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस ह्यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली निराळा निष्कर्ष मांडला. वेतन, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती ह्यांत उणीव असेल तर मनुष्य असंतुष्ट होतो. परंतु ती भरून निघाल्याने त्याला कामाची गोडी लागतेच असे नाही. ती गोडी प्रत्यक्ष कामातून, त्यातील यशातून, त्या यशाची दखल घेतली जाण्यातून व सोपविलेल्या जबाबदारीतून येते. मनुष्य यश स्वतःकडे घेतो व अपयश परिस्थितीवर ढकलतो, म्हणून अशा मुलाखती पूर्णतः विश्वसनीय नव्हेत, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तथापि शाळांच्या कारभारास हा विचार उपयुक्त आहे.

जालना जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुले बरोबर गेली की नावे पटावर राहतात आणि वर्ग ओस पडतो. अशा वेळी शिक्षक घरोघर जाऊन आजी-आजोबांची समजूत घालतो, हंगामी वसतिगृहाची माहिती देतो. मूल गावी राहिले आणि उन्हाळ्यापर्यंत सलग वाचू लागले, तर ते त्या शिक्षकाचे खरे यश होय. उपस्थितीच्या तक्त्यात मात्र ते केवळ एक आकडा म्हणून उमटते. तपासणीस आलेल्याने तक्ता पाहिला, पण मुलाचे वाचन ऐकले नाही, तर पुढील दिवाळीस त्याच शिक्षकाची पावले जड होतात.

ह्यास्तव मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख ह्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

(१) थकलेले वेतन, गळके छप्पर ह्यांसारख्या तक्रारींचे प्रथम निवारण व्हावे. कौतुक हा त्यांचा पर्याय नव्हे.

(२) शाबासकी मोघम नसावी. कोणते मूल, कोणता प्रयत्न, कोणता बदल, हे नेमके सांगावे व शेरेबुकात नोंदवावे.

(३) यशस्वी शिक्षकास शिक्षण परिषदेत आपली रीत मांडू द्यावी व अध्यापनात मोकळीक द्यावी. वाढीव कागदी काम हे यशाचे बक्षीस ठरू नये.

चर्चेसाठी प्रश्न : आपल्या शाळेतील कोणते चांगले काम तक्त्यात दिसत नाही? ते कोणी, केव्हा व कसे पाहावे?