पडत्या बाजारात खरेदी करण्यापूर्वी

2008 च्या सुरुवातीला माझे मामा नुकतेच निवृत्त झाले होते. 10 जानेवारीला सेन्सेक्सने 21,206 चा उच्चांक गाठला आणि 21 तारखेला तो एका दिवसात 1,408 अंकांनी कोसळला. मामांना ती संधी वाटली. भाव उतरला की आणखी शेअर घ्यायचे, म्हणजे खरेदीची सरासरी खाली येते, असा त्यांचा हिशेब. फंडाचे पैसे असे थोडेथोडे बाजारात गेले. ऑक्टोबरात सेन्सेक्स 7,697 पर्यंत घसरला आणि त्याच सुमारास मामींच्या ऑपरेशनसाठी ते शेअर मोठ्या तोट्यात विकावे लागले.

त्या वर्षाचा आलेख मी पुढे अनेकदा अभ्यासला. जानेवारीनंतर बाजार दोनदा चांगला सावरला होता. पण मे महिन्यात तो साडेसतरा हजारांच्या आसपास थांबला आणि ऑगस्टमध्ये साडेपंधरा हजारांच्या आसपास. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा बुटकी आणि प्रत्येक तळ आधीच्या तळापेक्षा खोल. मंदीचं याहून साधं लक्षण नाही. म्हणून नवशिक्यांना मी सांगतो, इंडिकेटर नंतर शिका. आधी कागदावर टोकं आणि तळ मांडा. दोन्ही चढत असतील तर तेजी, दोन्ही उतरत असतील तर मंदी.

दुसरी खूण 200 दिवसांच्या सरासरीची. गेल्या 200 दिवसांच्या बंद भावांची ही सरासरी रोज एक दिवस पुढे सरकते. 2008 च्या मार्चमध्येच सेन्सेक्स तिच्याखाली होता. भाव या रेषेखाली असताना आणि रेषाही खाली वळलेली असताना केवळ स्वस्त दिसतो म्हणून शेअर घेऊ नये.

आरएसआयबाबत मोठा गैरसमज आहे. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेला, भावाच्या चढउतारांचा जोर मोजणारा हा निर्देशक 30 च्या खाली गेला की लोक खरेदीला धावतात. त्याचा अर्थ इतकाच, की विक्री फार वेगाने झाली आहे. जोरदार मंदीत तो बराच काळ खालीच राहतो. व्हॉल्यूमही पाहा: भाव वाढतोय आणि उलाढाल आटतेय, तर त्या वाढीवर फार भरवसा ठेवू नका.

या खुणा उशिरा बोलतात, हेही लक्षात असू द्या. 24 मार्च 2020 ला निफ्टी 7,511 पर्यंत घसरला आणि झपाट्याने उलटला. 200 दिवसांची सरासरी त्याने पुन्हा ओलांडली ती जुलैत, अकरा हजारांच्या आसपास पोहोचल्यावर. मधली वाढ वाट पाहणाऱ्याच्या हातून गेली. सुरक्षिततेची ती किंमत आहे आणि निवृत्त माणसाने ती खुशाल मोजावी, असं माझं ठाम मत आहे.

उद्या काय होणार हे आलेख सांगत नाही. आपला अंदाज कुठे चुकीचा ठरला, हे मात्र तो दाखवतो. त्यामुळे शेअर घेण्याआधीच अलीकडचा तळ पाहून त्याच्या जरा खाली स्टॉपलॉस ठरवा, वहीत लिहा आणि भाव तिथे आला की बाहेर पडा. पडत्या शेअरची सरासरी करत बसू नका. आणि औषधपाण्याचे, घरखर्चाचे पैसे बँकेतच राहू द्या. आलेख कितीही चांगला वाचता आला, तरी त्या पैशांना बाजार दाखवू नका.