जलाशयातील होडी : ॲल्युमिनियम की फायबरग्लास?

अंतर्देशीय मत्स्यव्यवसायाविषयी लिहिताना मत्स्यबीज, खाद्य, ठेक्याची मुदत आणि बाजारभाव यांची चर्चा भरपूर होते. ज्या साधनावर मच्छीमाराचा जीव आणि दिवसाची कमाई दोन्ही अवलंबून असतात, त्या होडीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी १९९५ मध्ये व्ही. व्ही. सुगुणन यांनी केलेल्या अभ्यासानुसार भारतात १९,३७० जलाशय असून त्यांचे एकत्रित क्षेत्र सुमारे ३१.५ लाख हेक्टर आहे. एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर आजही लाकडी डोंगे, कातडी किंवा ताडपत्री मढवलेल्या टोपल्या, ट्यूब आणि थर्मोकोलचे तराफे चालतात. मोठ्या घेराचे चांगले लाकूड दुर्मीळ आणि महाग झाल्याने मत्स्य सहकारी संस्थांपुढे आता लाकडाऐवजी काय, हा प्रश्न उभा राहतो. उत्तरादाखल ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास ही दोन नावे पुढे येतात.

दोन्ही होड्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कारखानदारीची अपत्ये आहेत. अमेरिकेत १९४२ च्या सुमारास काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची पहिली होडी तयार झाली. लढाऊ विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने युद्ध संपता संपता विमानाच्या पत्र्यापासून हलक्या होड्या काढल्या. भारतात फायबरग्लासचा प्रसार प्रामुख्याने समुद्रकिनाऱ्यावर झाला. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून मोठ्या संख्येने फायबरग्लासच्या होड्या वाटल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी पारंपरिक कट्टुमरम मागे पडले. जलाशयावरील संस्थांना आज फायबरग्लासची होडी सहज सुचवली जाते, तिच्यामागे किनाऱ्यावरचा हा अनुभव आहे. मात्र समुद्रावरचा निष्कर्ष धरणाच्या पाण्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

गोड्या पाण्याचा उलटा न्याय

ॲल्युमिनियमचा मोठा शत्रू म्हणजे खारे पाणी. त्यात दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने होते आणि ॲल्युमिनियम झिजते. गोड्या पाण्यात हा धोका पुष्कळ कमी होतो. मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूचा, म्हणजे ५०५२ किंवा ५०८३ या प्रतीचा पत्रा वापरला असेल, तर रंगाविनाही होडी वर्षानुवर्षे टिकते. फायबरग्लासचे याच्या उलट आहे. त्याच्या थरांत पाणी हळूहळू झिरपते, आतील विद्राव्य द्रव्यांशी मिळते आणि बाहेरचे आणखी पाणी ओढून घेते. कालांतराने पृष्ठभागावर फोड येतात. बाहेरचे पाणी जितके क्षारविरहित, तितकी ही ओढ अधिक. त्यामुळे फोडांचा त्रास समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात जास्त संभवतो. रोज संध्याकाळी काठावर ओढून वाळू दिलेल्या होडीला तो कमी होतो; बारा महिने पाण्यात बांधून ठेवलेल्या होडीला अधिक.

वजनाचा हिशेबही वरवर दिसतो तसा नाही. ॲल्युमिनियमची घनता २.७, तर हाताने थर देऊन बनवलेल्या फायबरग्लासची साधारण १.५. म्हणजे फायबरग्लास हलके, असे वाटेल. परंतु त्याचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच असल्याने जाडी वाढवावी लागते. अडीच मिलिमीटर पत्र्याचे वजन चौरस मीटरमागे पावणेसात किलो भरते, सहा मिलिमीटर फायबरग्लासचे नऊ किलो. होडी पाण्यावर असताना हा फरक जाणवत नाही, उन्हाळ्यात मात्र जाणवतो. सोलापूर जिल्ह्यातील उजनीसारख्या जलाशयात मे महिन्यात पाणी मृतसाठ्याच्याही खाली जाते आणि काठ मैलभर मागे सरकतो. तेव्हा होडी चिखलातून आणि खडकांवरून ओढून न्यावी लागते. दोन माणसांनी ओढायची होडी असेल तर प्रत्येक किलो मोजावा लागतो.

जलाशयाच्या तळाचे स्वरूपही तितकेच महत्त्वाचे आहे. धरणात बुडालेल्या जंगलाचे बुंधे आणि शेताचे बांध पाणी उतरताच वर येतात. अशा बुंध्यावर आदळलेला ॲल्युमिनियमचा पत्रा सहसा दबतो, फाटत नाही, आणि झालेली इजा डोळ्यांना दिसते. फायबरग्लास पुन्हा पूर्ववत होते आणि निर्धोक भासते. पण आतील थर सुटलेले असू शकतात. ती जागा बोटांनी किंवा लाकडी मुठीने ठोकून पाहावी. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला की आत पोकळी आहे असे समजावे. ॲल्युमिनियमच्या होड्यांत रिव्हेट मारलेली होडी स्वस्त पडत असली, तरी वारंवारच्या धक्क्यांनी तिचे जोड गळू लागतात. खडकाळ जलाशयासाठी वेल्डिंगची होडी घेणे शहाणपणाचे ठरते.

दुरुस्ती कोण करणार?

इथपर्यंतचे पारडे ॲल्युमिनियमकडे झुकलेले दिसते. तरीही अनेक संस्थांसाठी फायबरग्लास हाच योग्य निर्णय ठरू शकतो, आणि त्याचे कारण दुरुस्ती हे आहे. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग लोखंडासारखे गावच्या फॅब्रिकेशन दुकानात होत नाही. त्यासाठी आर्गॉन वायूचे संरक्षण, वेगळे यंत्र आणि सरावलेला हात लागतो. तालुक्याच्या गावी हे नसेल तर तडा गेलेली होडी महिनाभर पडून राहते, आणि तेवढे दिवस घरात कमाई नसते. फायबरग्लासचे ठिगळ मात्र काठावर लावता येते. भेगेभोवतीचा भाग घासून, धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर काचतंतूची चटई आणि हार्डनर मिसळलेले रेझिन यांचे थर द्यावे लागतात. ओलसर हवेत रेझिन नीट बसत नाही. त्यामुळे मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट ही मासेमारीबंदी असते म्हणून तेव्हा दुरुस्ती काढू, हा सोयीचा वाटणारा बेत चुकीचा ठरतो. हे काम मे महिन्यातच उरकावे. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसाला आणि हार्डनर डोळ्यांना घातक असतो, याची जाणीव फार थोड्यांना असते.

ज्या वस्त्यांनी धरणामुळे जमीन गमावून मासेमारी पत्करली, त्यांच्यासाठी हा मुद्दा अधिक गंभीर आहे. मध्य प्रदेशातील तवा जलाशयावर १९९६ ते २००६ या काळात विस्थापित आदिवासींच्या सहकारी संस्थांच्या महासंघाने मासेमारीचा कारभार सांभाळला. अशा समाजांत होडी बांधण्याची पिढीजात विद्या गृहीत धरता येत नाही. होडीसोबत ती दुरुस्त करण्याचे शिक्षण दिले गेले नाही, तर चार-पाच वर्षांत काठावर केवळ सांगाडे उरतात. त्यातही फरक आहेच: ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला भंगाराचा भाव येतो (म्हणूनच त्याची चोरीही होते), फायबरग्लासच्या सांगाड्याला कोणी हात लावत नाही.

वापरातील काही बारकावे दरपत्रकात सापडत नाहीत. मत्स्यतळ्यात चुना पसरण्यासाठी ॲल्युमिनियमची होडी वापरू नये. ओला चुना धातूला खातो. उन्हात तापलेल्या धातूच्या तळावर टाकलेली मासळी लवकर उतरते, म्हणून खाली ओले पोते किंवा बर्फाची पेटी हवी. केरळच्या बॅकवॉटरसाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने प्रक्रिया केलेल्या रबराच्या लाकडावर फायबरग्लासचे आवरण देऊन होड्या विकसित केल्या; स्वस्त लाकूड उपलब्ध असेल तेथे हा मधला मार्गही विचारात घेण्याजोगा आहे.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी व जाळ्यांसाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. वैयक्तिक लाभार्थींना सर्वसाधारण गटात खर्चाच्या ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठरले. अनुदान खरेदीला एकदाच मिळते. ठिगळाचा खर्च मच्छीमाराच्या खिशातून जातो. म्हणून संस्थेने मागणीपत्रातच पत्र्याची प्रत किंवा थरांची संख्या, दुरुस्तीचे साहित्य आणि दोन सभासदांचे प्रशिक्षण यांचा उल्लेख करून घ्यावा.

एक अट मात्र दोन्ही होड्यांना समान आहे. लाकडी डोंगा उलटला तरी तरंगतो आणि त्याला धरून माणूस वाचतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास पाण्यापेक्षा जड आहेत. पाणी भरले की त्या होड्या तळाशी जातात. वळवाच्या वाऱ्यात जलाशय किती अकस्मात खवळतो, हे २१ मे २०२४ रोजी उजनीत उलटलेल्या प्रवासी होडीने दाखवले. त्या दुर्घटनेत सहा जणांचा बळी गेला. नव्या होडीच्या बैठकांखाली आणि दोन्ही टोकांना फोम भरलेले बंद कप्पे असलेच पाहिजेत. होडी ताब्यात घेण्यापूर्वी कंबरभर पाण्यात ती काठोकाठ भरावी, दोघांनी तिच्या कडेला लोंबकळावे आणि ती तरंगत राहिली तरच पावतीवर सही करावी.